हजाराला सहा हजार

वणीच्या बसस्थानकासमोर चहा पिताना जे आकडे कानावर पडतात ते भावाचे असतात. टोमॅटोच्या क्रेटचे, कांद्याच्या क्विंटलचे, नाहीतर द्राक्षबागेच्या सौद्याचे. म्हणून मागच्या हंगामात एक तरुण दुसऱ्याला "तू हजार-सहा हजारच घे, तीन-आठच्या नादी लागू नको, आणि चारशे-हजार मिळालं तर सोन्याहून पिवळं," असं समजावत होता, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मंडळींनी बशीतला चहा तसाच धरून कान टवकारले. एकाला वाटलं, पैसे न देता पळून जाणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचा हा भाव असणार, कारण इतका चांगला भाव तेच देतात. दुसऱ्याला वाटलं, हजाराचे सहा हजार करून देणारी नवी स्कीम गावात आली. शेवटी एका बाबांनी विचारलंच.

"कशाचं चाललंय रे?"

"दगडाचं, बाबा."

"दगडाला एवढा भाव?"

"भाव नाही, ग्रिट. धार लावायचा दगड. एका बाजूनं हजार, दुसऱ्या बाजूनं सहा हजार."

बाबांनी उरलेला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आमच्या दगडाला चार बाजू होत्या. चारीनं धार लागायची." आणि कळवणची गाडी लागली म्हणून निघून गेले.

हे दुतोंडी दगड आमच्या गावात मोबाइलमधून आले. कुणीतरी जपानी आचारी व्हिडिओत माशाचा असा पापुद्रा काढतो की पलीकडचं दिसावं, आणि ते बघून वणीतला माणूस, जो मासा खातच नाही, तो दगड मागवतो. खोक्यात दगड, बांबूची बैठक, पातं तिरकं धरायला प्लॅस्टिकचा चिमटा आणि एक पत्रक येतं. पत्रक कोणी वाचत नाही. दगड मात्र ओट्यावर असा मांडून ठेवतात की आल्या-गेल्यानं विचारलंच पाहिजे.

तसं वणी हे पहिल्यापासून धारेचं गाव, फक्त बाहेरच्यांना ते कळत नाही. बाहेरच्यांना वणी म्हणजे सप्तशृंगी. गड खरं तर कळवण तालुक्यात, नांदुरीच्या वर. आम्ही दिंडोरी तालुक्यात. पण अख्खा महाराष्ट्र 'वणीची देवी' म्हणतो आणि आम्ही ही चूक आजवर कुणाला दाखवून दिलेली नाही. देवीला अठरा हात. त्यांतल्या माळ, कमळ, कमंडलू, शंख, घंटा यांना धारेची गरज नाही. खड्ग, परशू, चक्र, त्रिशूळ, बाण अशी मोजकीच आयुधं धारेची. आमच्या घरात हात कमी आणि धारेचा ऐवज जास्त: विळी, सुऱ्या, कोयता, कांदा कापायचे विळे, खुरपी, बागेतल्या छाटणीच्या कात्र्या, विरळणीच्या बारीक कात्र्या, आणि आईचा अडकित्ता, ज्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो.

त्यात आणखी एक योग आहे. गडावर मोठ्या यात्रा दोन, चैत्रातली आणि नवरात्रातली. द्राक्षाच्या छाटण्याही दोनच, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. म्हणजे खानदेशातून पायी आलेले भाविक रस्त्यानं देवीचा जयजयकार करत जातात तेव्हा रस्त्याच्या कडेच्या बागेत कात्र्यांचा कचकचाट चाललेला असतो. खंडेनवमीला तर पेचच पडतो. त्या दिवशी शस्त्रांची पूजा. कोयता, विळा, कात्री पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि पूजेतलं हत्यार दिवसभर उचलायचं नाही. पण छाटणीची तारीख द्राक्षाच्या वेळापत्रकानं ठरलेली असते आणि टोळी दारात उभी असते. यावर गावानं शोधलेला उपाय म्हणजे आपल्या कात्रीची पूजा करायची आणि त्या दिवसापुरती चुलत्याची कात्री आणायची. चुलते तेव्हा आपली नेत असतात. आणि एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटलेली नाही: ज्या दगडावर ही सगळी हत्यारं वर्षभर धार घेतात तो दगड कधी कुणी पाटावर ठेवत नाही. तो बाहेर, मोरीच्या कट्ट्यावर, कपड्याच्या साबणाशेजारी.

दुतोंडी दगडाआधी गावात धार लागत नव्हती असं थोडंच आहे! पाट्याची कड होती, वाड्याची पायरी होती, विहिरीचा कठडा होता. जुन्या पायऱ्यांच्या कडेला जे गुळगुळीत खोलगट भाग दिसतात ते पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी झाले असं पर्यटकांना सांगतात. माझा अंदाज असा, की त्यातले निम्मे तरी कोयत्यांनी झाले. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला बेसाल्ट. धार लावायला जी गार लागते, क्वार्ट्झ, ती त्याच्यात फारशी नसते. तरी लोहारानं घडवलेल्या कोयत्याला तो पुरायचा. आताच्या कडक पोलादाच्या सुरीला तो ओरखड्यांपलीकडे फारसं काही देत नाही, पण हे सुरी घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आईचं तंत्र वेगळं. चिनीमातीच्या कपाच्या बुडाला चकाकी नसलेली एक खरखरीत पांढरी कड असते. तिच्यावर सुरी चार वेळा ओढायची. भाजलेली चिनीमाती पोलादाला सहज घासते, त्यामुळे मेथी चिरण्यापुरती धार नक्की येते. माझ्या भाच्यानं एकदा तिला विचारलं, "आजी, याचं ग्रिट किती असेल गं?" ती म्हणाली, "निळ्या फुलांचा कप." त्या कपात आमच्याकडे कुणालाही चहा मिळत नाही, जावयालासुद्धा.

धारवाला हा तिसरा पर्याय. सायकल स्टँडवर उभी करायची, पॅडल मारायचं, आणि पट्ट्यावर फिरणाऱ्या गोल दगडावर सुरी टेकवायची. ठिणग्या जितक्या जास्त तितकी धार पक्की, अशी गिऱ्हाइकाची समजूत. धारवाल्याला ती माहीत असते, म्हणून तो ठिणग्या सढळ हातानं पाडतो. पोरं जमतात. पातं कडेला निळसर झालं की समजावं, पोलादाचं पाणी उतरलं. अशी सुरी थोडे दिवस झकास कापते, मग लोण्यालाही हरते आणि त्याच धारवाल्याची वाट बघू लागते. धंदा म्हणून यात नाव ठेवायला जागा नाही.

आणि चौथा, आमच्या हार्डवेअरच्या दुकानातला दगड. दुकानात धार लावायचा दगड मागितला की एकच निघतो: काळपट राखी, विटेपेक्षा लहान, एका अंगानं रवाळ, दुसऱ्या अंगानं जरा मऊ.

"नंबर किती याचा?"

"कोणाचा?"

"दगडाचा."

"दगडाला नंबर नसतो, भाऊ. ही रफ, ही फाइन. नंबर पाइपला असतो. देऊ का?"

या साध्या दगडाची कुळकथा मात्र मोठी आहे. 1891 साली एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन गृहस्थांनी चिकणमाती आणि कोळशाची पूड विजेनं तापवली. मनात होते कृत्रिम हिरे. निघाले काळे, चमकणारे, अत्यंत कडक असे कण. रसायनशास्त्रात त्यांना सिलिकॉन कार्बाइड म्हणतात, बाजारात कार्बोरंडम. आपल्याकडे ग्राइंडवेल कंपनी 1941 साली निघाली, तिचा कारखाना उरणजवळ मोऱ्याला. मद्रासेत 1954 साली कार्बोरंडम युनिव्हर्सल निघाली. हिरे करायला बसलेल्या माणसाच्या हातून दिंडोरी तालुक्यातल्या कोयत्यांची सोय झाली आणि आम्ही त्याला 'रफ-फाइन' म्हणून मोकळे झालो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला आकडा वाढला की माल मोठा होतो याची सवय. द्राक्षाचा सोळा एमएमचा मणी बरा, अठरा एमएमचा मणी परदेशी जाणार. ग्रिटचं उलटं. आकडा वाढला की दाणा बारीक. मूळ हिशोब चाळणीचा: इंचभर जाळीत भोकं किती. साठ भोकांतून जाड दाणा पडतो, दोनशे भोकांतून बारीक. इथपर्यंत कुठल्याही गृहिणीला न समजण्यासारखं काही नाही. पण इंचात हजार भोकांची चाळणी विणणार कोण? म्हणून बारीक पूड पाण्यात ढवळतात आणि कोणता दाणा किती वेळात तळाला बसतो यावरून त्यांना वेगळं काढतात. काम पाण्याचं, आकडा मात्र चाळणीच्याच घराण्यातला.

बरं, हजार म्हणजे सगळीकडे हजार असंही नाही. जपानी मापात 1000 चा दाणा साधारण साडेअकरा मायक्रॉनचा. युरोपात दगडांसाठी जे माप आहे त्यातला एफ 1000 साडेचार मायक्रॉनचा. त्याच युरोपातल्या पॉलिश पेपरवर पी 1000 असेल तर तो अठरा मायक्रॉनच्या पुढे. तिन्ही हजार, तिन्ही खरे. स्वस्तातल्या दगडावर नुसतं 1000 कोरलेलं असतं. कुणाचं हजार, ते कोरत नाहीत. मणी अठरा एमएम आहे की साडेसतरा यावरून ज्या गावात दुपारभर वाद चालतो, तिथे हे खपवून घेतलं जातं याचं मला अजून नवल वाटतं.

आमचा भाचा नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगच्या मशीनवर आहे. मायक्रॉन त्याच्या पोटापाण्याचा विषय. दिवसभर तो मायक्रॉनमध्ये जगतो आणि संध्याकाळी बसमध्ये उभा राहून फुटांमध्ये येतो. त्यानं नवरात्राच्या तोंडावर मामीसाठी दगड आणला, 3000-8000 चा. पांढरा आणि पिवळसर, बर्फीच्या दोन थरांसारखा सुबक. हिशोबानं एक बाजू चार मायक्रॉन, दुसरी सव्वा.

"मामी, यानं आरशासारखी धार येते."

"आरसा आहे घरात. टोमॅटो कापला जाईल का?"

"मामी, टोमॅटो म्हणजे काय, केस उभा चिरशील."

"केस कशाला चिरू?"

संध्याकाळच्या आरतीपासून ताटं वाढेपर्यंत भाचा बैठक मारून घासत होता. सुरीचं पातं असं चमकू लागलं की त्यात त्याचा स्वतःचा घाम दिसत होता. मग टोमॅटो आला. आमच्या पट्ट्यातला टोमॅटो म्हणजे ट्रकमधून लांब जायचा. साल जाड आणि स्वभाव सोशिक. सुरी सालीवरून सुळ्ळकन गेली आणि टोमॅटो जसाच्या तसा. दुसऱ्यांदा जोर दिला तेव्हा टोमॅटो ओट्यावरून उडून आईच्या पाटाशी गेला. आईनं तो उचलला, विळीवर ठेवला, दोन फोडी केल्या आणि मीठ लावून खाल्ला.

यात दगडाचा दोष नव्हता. त्या सुरीनं वर्षभर स्टीलच्या ताटात कांदे चिरले होते, डब्यांची झाकणं उचकटली होती, एकदा गॅसच्या शेगडीचा स्क्रूही पिळला होता. तिची कड गोल झाली होती. गोल कड काढायची तर पोलाद खरवडून काढायला हवं, आणि सव्वा मायक्रॉनचा दाणा पोलाद खरवडत नाही, कुरवाळतो. भाच्यानं दोन तास बोथटपणाला पॉलिश केलं. आणि समजा धार आलीच असती, तरी टोमॅटोला आरसा नको असतो. त्याच्या सालीत शिरायला पात्याच्या कडेवर नजरेला न दिसणारे दातरे लागतात, आणि ते जपानी हजाराच्या आसपास सगळ्यात बरे राहतात. आठ हजारानं दाते घासून साफ केले की सुरी दिसायला देखणी आणि टोमॅटोला निरुपद्रवी.

दुतोंडी दगड विकणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: माणूस दगड घेतो तो बारीक बाजूकडे बघून, आणि गरज असते जाड बाजूची. सहा हजार ही आकांक्षा, चारशे ही परिस्थिती. दुकानात परिस्थिती कोण विकत घेतो? माझं मत विचाराल तर ज्या घरात सुरीनं झाकणं उघडली जातात त्या घराला 400-1000 ची जोडी. ज्यानं चांगल्या पोलादाची महागडी सुरी घेतली आहे, जो ती वेगळी पुसून ठेवतो आणि बायकोला हात लावू देत नाही, त्यानं 1000-6000 घ्यावा. त्याची सुरी बोथट होण्याइतकी वापरलीच जात नाही. कोयता-विळ्यांना दुकानातला रफ-फाइन उत्तम. आणि 3000-8000 त्यानं घ्यावा ज्याच्याकडे बाकीचे सगळे दगड आधीच आहेत आणि वेळही आहे.

पण जोड्या ठरवताना वणीचं डोकं वेगळं चालतं. आमच्या ओळखीच्या एका बागायतदारांनी भाच्याला विचारलं, "240 आणि 8000 असा एकच दगड मिळेल का?" का, तर मधले आकडे कशाला विकत घ्यायचे, दोन टोकं घेतली की मधलं आपोआप होतं. त्यांनी बंगला असाच बांधलाय, तळमजला आणि गच्ची. मधला मजला मुलगा बांधील. भाच्यानं त्यांना समजावलं की एका दगडावरून दुसऱ्यावर जाताना आकडा दुप्पट-तिप्पट व्हावा; 240 च्या सत्तावन्न मायक्रॉनच्या दाण्याचे चरे सव्वा मायक्रॉननं घासून काढायचे तर पुढचं नवरात्र उजाडेल. ते म्हणाले, "मग 1000-6000 कसा चालतो? तिथंपण सहापट आहेच." भाचा गप्प झाला. प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर आहे, पण ते कंटाळवाणं: हजारावर सुरी घरकामाला तयारच झालेली असते, सहा हजार तिला नुसता हात फिरवतो. तो फिरवला नाही तरी आमटीत काही फरक पडत नाही.

दगड वापरताना चुकायचं ठिकाण एकच. जाड बाजूवर पात्याचं एक अंग इतकं घासायचं, की दुसऱ्या अंगाला टोकापासून मुठीपर्यंत बोटाला किंचित खरखर लागली पाहिजे. कारखान्यात हिला बर म्हणतात. बर आली म्हणजे कडेपर्यंत पोलाद निघालं. मग अंग बदलायचं, मग दगडाची बाजू. ही बर यायच्या आत नव्वद टक्के लोक दगड उलटतात. (नव्वद हा आकडा माझा, वणीत दुसऱ्याला पटवायचं असेल तर नव्वदच सांगतात.) जाड बाजूचा आवाज कर्कश, काळं पाणी निघतं, बोटं खराब होतात, आणि घरातलं कोणीतरी "किती वेळ ते?" विचारतं. बारीक बाजू मऊ बोलते. ओढा तिकडेच असतो.

धार तपासायच्या रीतीही पाहण्यासारख्या. कागद कापून दाखवणारे लोक आजचाच पेपर घेतात, तोही कुणी वाचायच्या आत. दुसरी जात मनगटावरचे केस काढणाऱ्यांची. आश्विन महिन्यात आमच्याकडे डाव्या हातावर रुपयाएवढं टक्कल असलेली माणसं भेटू लागली की समजायचं, पार्सल आलं. टोमॅटोवर सहसा कुणी तपासत नाही, कारण टोमॅटो खरं सांगतो.

बागेत मात्र यातलं काहीही चालत नाही. छाटणीला सुरगाणा-पेठकडून टोळ्या येतात. प्रत्येकाची कात्री स्वतःची, आणि ती कोणी कुणाला देत नाही. गोडी छाटणीत एकेका काडीचे डोळे मोजून कापायचं असतं. काप स्वच्छ पडला पाहिजे. कात्री बोथट असली की काडी कापली जात नाही, ठेचते. दिवसभरात एकेक जण किती काप घेतो याची मोजदाद करायला बसलं तर मोजणारा आधी थकेल. आमच्या टोळीच्या मुकादमाच्या खिशात बोटाएवढा दगडाचा तुकडा असतो. तासा-दोन तासांनी बांधावर टेकायचं, कात्री उघडायची, पात्याच्या बाहेरच्या उतारावर चार-पाच हात मारायचे, की परत वेलीखाली. भाच्यानं कुतूहलानं विचारलं, "दादा, याचं ग्रिट काय?"

मुकादमानं तुकडा उलटा-सुलटा करून पाहिला. "ते दुसऱ्या अर्ध्यावर असेल लिहिलेलं. तो वाडीतल्या टोळीकडं गेला."

भाच्यानं मदत म्हणून एक कात्री घेतली आणि 3000-8000 वर दोन्ही पाती दोन्ही अंगांनी लखलखीत करून दिली. छाटणीच्या कात्रीचं एकच पातं कापतं, तेही एकाच अंगाला उतार असलेलं. आतली सपाट बाजू दुसऱ्या पात्याला घासून चालते. तिला हात लावला की मध्ये फट पडते आणि काडी फटीत शिरून दुमडते. मुकादम दिवसभर काही बोलला नाही. संध्याकाळी त्यानं ती कात्री भाच्याला परत दिली आणि म्हणाला, "ही पूजेला ठेवा."

याच मुलखात 17 ऑक्टोबर 1670 रोजी, सुरत दुसऱ्यांदा लुटून परतताना, शिवाजी महाराजांनी दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेचा पराभव केला. वणी-दिंडोरीची लढाई म्हणून ती इतिहासात आहे. आमच्या इतिहासाच्या सरांनी ती शिकवताना घोडी, खजिना, खिंड, वेढा असं सगळं फळ्यावर काढलं होतं, पण लढाईच्या आदल्या रात्री त्या सगळ्या तलवारींना धार कोणी लावली हे फळ्यावर आलं नाही. ते काम शिकलगारांचं. फौजेबरोबर फिरायचं, हत्यारं उजळायची, दुसऱ्यानं लढायचं. पुढे तलवारी गेल्या आणि या लोकांच्या हाती गावोगावच्या कात्र्या-सुऱ्या आल्या. आता त्यांच्या धंद्यावर बांबूची बैठक आली आहे. ऑक्टोबरच्या मध्यात लढाई झाली तेव्हा इथे द्राक्षं नव्हती, नाहीतर छाटणीच्या ऐन तोंडावर दोन फौजा बागेतून गेल्या म्हणून पंचनाम्याची मागणी झाली असती.

घरातल्या दगडाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. पाण्याचा दगड वापरण्याआधी भिजवतात. भाच्यानं जाताना सांगितलं होतं, "मामी, जाड बाजू भिजव, बारीक बाजूवर नुसतं पाणी शिंपड." एकाच दगडाची एक बाजू भिजवायची आणि दुसरी नाही, हे घरात कुणालाच जमेना. तो काही दिवस मटकीच्या शेजारी पातेल्यात राहिला. मटकीला मोड आले. मग भाच्यानं परिस्थिती मान्य करून 400-1000 चा दुसरा दगड आणला, आणि हा मात्र घराला मानवला. मामीनं चारशेवर बर काढली, हजारावर चार हात मारले, टोमॅटो कापून पाहिला, काही बोलली नाही. तिच्याकडून हे प्रशस्तिपत्रकच. आईनं त्या दगडाची चारशेची बाजू बोटानं चाचपली आणि आपली टाचा घासायची वज्री झिजल्याचं तिला तेव्हाच आठवलं. तेव्हापासून चारशे बाजूचं काम दुहेरी आहे. सकाळी मोरीत, संध्याकाळी ओट्यावर. मधे धुतात, असं मला सांगण्यात आलं आहे. दगड आता मधोमध खोलगट झालाय. तो सपाट करायला आणखी एक दगड मिळतो, अशी माहिती भाच्यानं दिली. मामीनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं ग्रिट दोनशेच्या आत असावं.

राहिला 3000-8000. एवढा चांगला दगड वाया जाऊ नये म्हणून भाचा त्याच्यासाठी गरजू शोधू लागला. आठ हजाराचं खरं काम गावात एकाच हत्याराला पडतं, ते म्हणजे वस्तरा. म्हणून तो आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये गेला. सलूनवाल्या दादांनी दगड हातात घेतला आणि पिवळ्या बाजूवरून अंगठा असा फिरवला, की या बाजूची किंमत कळणारा गावातला हा पहिला माणूस हे लगेच समजलं. त्यांच्या वडिलांचा निसणा अजून खणात होता, कापडात गुंडाळलेला, मधे नखभरही खड्डा नसलेला. निसण्यावर पाजळायचं, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं, मग गालाला लावायचं, असं त्यांनी लहानपणी रोज पाहिलेलं. दादांनी भाच्याला त्या दगडाचे गुण असे समजावून सांगितले की तसे ते पत्रकातही नव्हते. भाच्याचा चेहरा खुलला.

"मग ठेवा, दादा. तुम्हालाच दिला."

"ठेवतो की. पण वस्तरा कुठाय?" दादांनी खण उघडून दाखवला. आत अर्ध्या ब्लेडच्या पाकिटांची चळत. एका गिऱ्हाइकाला एक अर्धं ब्लेड, दाढी झाली की डब्यात. पाजळायचं काही राहिलेलंच नाही.

तरी दगड त्यांनी ठेवून घेतला. सलूनचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला अडण म्हणून तो आता उंबऱ्याशी असतो. ठेवताना दादांनी विचारलं होतं, कुठली बाजू वर ठेवू? भाच्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं, आठ हजार वर ठेवा, तीन हजारानं दार जास्त घट्ट धरेल.